सोमीची अकराची ओळ

आमच्या गल्लीच्या तोंडाशी विजेच्या खांबावर एक फ्लेक्स वर्षभर लटकत होता. त्यावर कोट घातलेला माझा फोटो आणि खाली ठसठशीत अक्षरं : ‘अविभाज्य पनवेल! १,००,००१ दिवे! मार्गदर्शक : गणितज्ञ श्री. कमळाकर घरत सर.’ मी गणितज्ञ नाही. छत्तीस वर्षं हायस्कुलात नववी-दहावीला गणित शिकवून निवृत्त झालेला मास्तर आहे. पण फ्लेक्सवर ‘गणितज्ञ’ छापून आलं तेव्हा मी ते खोडायला गेलो नाही. उलट मोबाईलवर फोटो काढून नातेवाइकांना पाठवला.

आज लिहायचंय ते मात्र सोमीबद्दल. तिचा फोटो कुठल्या फ्लेक्सवर नाही. तिच्याबद्दल लिहिण्याचा मला काय अधिकार, असं कोणी विचारलं तर मान खाली घालीन. पण गावात तिच्याबद्दल जे बोललं जातं ते माझ्या तोंडून सुरू झालं. तेव्हा निस्तरायलाही मलाच हवं.

सोमी वाघमारे शिरढोणच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याला असलेल्या कातकरी वाडीतली. वय विचारलं तर सांगते, “तुमच्याएवढीच आसंन.” तिचा जन्म वीटभट्टीवरचा. दिवाळी झाली की आईबाप भट्टीवर जायचे ते पावसाच्या तोंडाशी परत यायचे. सोमी चालायला लागली ती ओल्या विटांच्या रांगांमधून, आणि मोजायला शिकली तीही तिथंच.

भट्टीवरची मोजणी शाळेतल्यासारखी नसते. वाळत घालताना ओळ अकराची लावायची. त्यातल्या दहा मोजणीत धरायच्या आणि अकरावी ‘तुटीची’. वाळताना तडकते, भाजताना फुटते, गाडीत भरताना कोपरा जातो, त्याची भरपाई म्हणून ती आधीच लावून ठेवायची. कामगारानं लावायच्या अकरा, मालकानं मोजायच्या दहा. हा कुठल्या शहाण्याचा नियम ते देव जाणे, पण सोमीची चाळीस वर्षं त्यात गेली. नवरा मंगळ्याही तिच्याबरोबर त्याच ओळी लावत होता. एका उन्हाळ्यात तो भट्टीवरच तापानं गेला. तेव्हा उशिरा झालेली मुलगी स्नेहा सहा वर्षांची होती.

पुढं आमच्याकडच्या जमिनींना सोन्याचा भाव आला. माझीही भातशेती गेली आणि त्या जागी आमची तीन मजली इमारत उभी राहिली. भट्ट्या लांब गेल्या. सोमीनं मग वाडीतल्या बायांची टोळी बांधली. रस्त्याकडेचे ब्लॉक बसवणं, गवत काढणं, लग्नाच्या हॉलची साफसफाई, सांगाल ते काम. टोळी म्हणजे काय, तर तिचा शब्द. ‘सोमीच्या बाया हायेत’ म्हटलं की लोक घराची किल्ली देऊन बाहेर जायचे. एका कातकरी बाईला पनवेलमध्ये एवढा भरवसा मिळवायला काय लागतं ते मला ठाऊक आहे, कारण आमच्याच घरात, भांडं सापडलं नाही की आधी कोणाकडे बघतात तेही मला ठाऊक आहे.

आमच्या उत्सव समितीनं गेल्या वर्षी त्रिपुरी पौर्णिमेला तळ्याभोवती पणत्या लावायचं ठरवलं. अध्यक्ष भावेश, पूजासाहित्याचा व्यापारी, उत्साही माणूस. तो म्हणाला, “सर, एक लाख तर करूच. वर शगुनाची एक. एक लाख एक!” मला कोणी बोलायला सांगितलं नव्हतं. पण आकडा सगळ्यांसमोर ऐकला आणि माझ्यातला मास्तर उठून उभा राहिला.

मी म्हणालो, “ही साधी संख्या नाही हो. डावीकडून वाचा, उजवीकडून वाचा, सारखीच. शिवाय एक गंमत दाखवतो. कोणीतरी पाच आकडी संख्या सांगा.” भावेश म्हणाला, बावन्न हजार तीनशे चौसष्ट. मी क्षणात समितीच्या फळ्यावर लिहिलं, ५२३६४५२३६४. “एक लाख एकनं गुणलं की तुमचीच संख्या दोनदा उमटते. ही संख्या ऐकलेलं परत बोलून दाखवते.” लोकांनी मोबाईलवर ताडून पाहिलं आणि टाळ्या वाजवल्या. टाळ्या म्हणजे म्हाताऱ्या मास्तरला दारूच. मी पुढं ठोकून दिलं, “आणि सगळ्यात महत्त्वाचं, ही अविभाज्य आहे. एक आणि ती स्वतः सोडून कोणी हिला भागू शकत नाही. आपल्या गावासारखी!”

हे मी हवेत बोललो नव्हतो. भावेशनं आकडा आदल्या दिवशीच फोनवर सांगितला होता आणि मी घरी वहीत करून पाहिलं होतं. पन्नासच्या आतल्या सगळ्या अविभाज्य संख्यांनी भागून पाहिलं, भाग गेला नाही. पुढंही जायला हवं होतं, पण चंद्रावतीनं, माझ्या बायकोनं, जेवायला हाक मारली आणि मी वही मिटली. अकरानं भागल्यावर बाकी दोन उरते, हे तर मला पक्कं आठवत होतं.

पणत्या लावायचं काम सोमीच्या टोळीला मिळालं. चाळीस बाया, दोन दिवस. त्याच्याच जोडीला आणखी एक गोष्ट ठरली होती. स्नेहा बारावी झाली होती आणि सोमवारपासून भावेशच्या दुकानात काऊंटरवर लागणार होती. मीच शिफारस केली होती. वाडीतली पहिली मुलगी पंख्याखाली बसून काम करणार, म्हणून सोमीनं तिला बाजारातून नवा ड्रेस आणला होता. दोन दिवस ती बायांना सांगत होती, “नीट लावा गं, पोरीचं काम हाय त्यांच्याकडं.”

ओळी किती-कितीच्या लावायच्या, असा प्रश्न आला. भावेश म्हणाला, दहा-दहाच्या लावा. सोमी हसली. “दहाची सवय नाय हाताला, शेठ. हात अकरावरच थांबतो.” मी लगेच पुढं झालो. “लाव गं सोमी, अकराच्या लाव. शेवटी दोन उरतील बघ. त्या दोन आपण व्यासपीठावर ठेवू. एक भावेशशेठ लावतील, एक मी.” सगळ्यांना कल्पना फार आवडली. व्यासपीठावर चौरंग मांडला, त्यावर लाल कापड घातलं. उरणाऱ्या दोन पणत्यांसाठी.

इथं एक सांगून टाकतो, कारण ते मला टोचतं. ती माझ्याएवढ्या वयाची. ती मला ‘तुमी’ म्हणे आणि मी तिला ‘अगं सोमी’ म्हणे. मला त्यात काही वावगं वाटत नसे.

पणत्यांची मोजणी चोख होती. शंभर खोकी, प्रत्येकात हजार, आणि शेवटच्या खोक्यात रंगवलेली शगुनाची एक जास्त. फुटली तर बदलायला निराळं खोकं. खोक्यात उरतील त्या पुढच्या ओळीत जायच्या. बाया वाकून वाकून तळ्याभोवती सरकत होत्या. मी छत्री घेऊन देखरेख करत होतो, म्हणजे सावलीत उभा होतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमाराला शेवटची ओळ आली. सोमीनं दहा पणत्या ठेवल्या, खोक्यात हात घातला, शगुनाची काढली आणि अकरावी म्हणून ठेवली. खोकं उलटं करून झटकलं. कंबरेवर हात ठेवून ताठ झाली आणि म्हणाली, “झाल्या, सर. समद्या वळी पुऱ्या.”

“आणि उरलेल्या दोन?”

“नाय उरल्या.”

व्यासपीठावर पाहुणे येऊन बसायला लागले होते. लाल कापडाचा चौरंग रिकामा होता. भावेशनं माझ्याकडे पाहिलं. पण शंका माझ्या गणिताची आली नाही. क्षणभरही नाही. मी माईकजवळच उभा होतो आणि माईक चालू होता. मी म्हणालो, “दोन पणत्या कमी आहेत.”

“कमी कशा असतील, सर?” सोमी म्हणाली. “खोकी तुमच्यासमोर फोडली. समद्या वळी अकराच्या हायेत, मोजून बघा.”

“एक लाख एकला अकरानं भाग जात नाही. गेला, म्हणजे पणत्या एक लाख एक नाहीत. दोन कुठंतरी गेल्या. गणित खोटं बोलत नाही, सोमी.”

मी चोर हा शब्द उच्चारला नाही. त्याची गरज नव्हती. वाडीच्या चाळीस बाया आणि ‘कमी आहेत’ एवढं पुरलं. कोणीतरी म्हणालं, पिशव्या बघा. भावेशची बायको हेतल पुढं आली. बायकांच्या पिशव्या बाईनंच बघाव्यात म्हणून तिला सांगितलं होतं. एकेक पिशवी उपसली गेली. भाकरीचे डबे, पाण्याच्या बाटल्या, एकीच्या पिशवीत बाळाचं झबलं. सोमीच्या कापडी झोळीतून, फडक्यात गुंडाळलेल्या दोन पणत्या निघाल्या.

बरोबर दोन. तळ्याकाठी कसा हशा पिकला ते मी अजून ऐकतो. “काय सर! मानलं बुवा!” भावेश म्हणाला. “मॅथ्सनं चोर पकडला!”

सोमी म्हणाली, “त्या माज्या घरच्या हायेत. मंगळ्याच्या नावानं लावायच्या हुत्या. तितं झाडाखाली, तुमच्या दिव्यांत नाय. बघा की, काजळी हाय त्यांना.”

काजळी होती. दोन्ही पणत्यांच्या तोंडाला, जुनी, खाली घट्ट बसलेली. मी पणती हातात घेतली तेव्हा मला ती दिसली. आणि हे मी आज पहिल्यांदा लिहितोय, मला ती कळलीही. एका दिवसाची काजळी बोटाला लागते. ही लागली नाही. पण तीनशे माणसं माझ्याकडे बघत होती, माझा आकडा बरोबर ठरला होता, आणि मी म्हणालो, “काल आपण दहा-वीस पणत्या पेटवून चाचणी घेतली ना. त्यातल्या असतील.”

बस. मीच पुरावा पाहिला आणि मीच तो पुसला. त्या दोन पणत्या चौरंगावर ठेवल्या. एक भावेशनं पेटवली, एक मी. मंगळ्याच्या नावाचा दिवा मी माझ्या हातानं, लोकांच्या टाळ्यांत, स्वतःच्या कौतुकासाठी लावला. सोमी बायांना घेऊन निघून गेली. स्नेहा नवा ड्रेस घालून दिवे बघायला आली होती, तीही आईमागून गेली. सोमवारी ती दुकानात आली नाही, आणि भावेशनंही बोलावलं नाही. “सर, गल्ल्याजवळ अशी माणसं कशी ठेवणार?” तो मला म्हणाला. मी मान हलवली. कशी हलवली ते विचारू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गावातल्या साप्ताहिकासाठी लेख लिहायला बसलो. ‘गणिताने पकडलेली चोरी’ असं शीर्षकही ठरवलं होतं. वाचकांना समजावं म्हणून भागाकार मांडून दाखवावा म्हटलं. एक लाख एक भागिले अकरा. नऊ अकरं नव्व्याण्णव. खाली बाकी एक. शून्य उतरवलं, दहा, भाग शून्य. शून्य उतरवलं, शंभर, नऊ. बाकी एक. शेवटचा एक उतरवला, अकरा. भाग एक. बाकी शून्य.

नऊ हजार एक्क्याण्णव. नेमका भाग.

पुन्हा केला. तिसऱ्यांदा केला. मग आठवीच्या पोरांना शिकवतात ती कसोटी लावली. एकाआड एक आकडे घ्यायचे, त्यांची बेरीज करायची, राहिलेल्यांची बेरीज त्यातून वजा करायची. शून्य आलं तर अकरानं भाग जातो. एक वजा एक, शून्य. आठवीचं पोर दहा सेकंदांत सांगेल. मी जुनी वही काढली. त्या दिवशी मी एक, शून्य, शून्य, शून्य, एक लिहून बसलो होतो. दहा हजार एक. एक शून्य खाल्लं होतं. त्याची बाकी दोन. आणि तीही संख्या अविभाज्य नव्हतीच, त्र्याहत्तरनं भाग जातो तिला. पन्नासला थांबलो नसतो तर तेही कळलं असतं. छत्तीस वर्षं पोरांच्या हातावर ज्या चुकीसाठी पट्टी मारली, ती चूक.

चंद्रावती चहा घेऊन आली. “काय झालं वो? तोंड का असं?” मी म्हणालो, “काही नाही,” आणि वही मिटली.

त्याच दिवशी वाडीवर जायला हवं होतं. दुचाकीवर वीस मिनिटं लागतात. मला अकरा महिने लागले. रोज कारण नवं. आज गुडघा दुखतोय, उद्या पाहुणे आहेत, परवा सत्कार आहे. हो, सत्कारही झाला माझा. शाल घेतली मी. मी लावलेली पणती आठवण म्हणून घरी आणली होती, ती शोकेसमध्ये होती. जेवताना समोर दिसायची. एकदा चंद्रावती म्हणाली, “हिची काजळी घासू का?” मी तिच्यावर असा खेकसलो की ती दोन दिवस बोलली नाही. मग तिला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, “ती पोर दिसली मला. महामार्गाकडच्या हॉटेलात भांडी घासते.”

तरीही मी गेलो नाही. गेलो ते यंदाच्या मीटिंगनंतर. भावेश म्हणाला, “यंदा त्या सोमीची टोळी नको. कामाला चांगली, पण हात...” त्यानं बोटं वळवून दाखवली. सगळे हसले. टोळीला वर्षभर गावात कोणी बोलावलं नव्हतं हे मला तिथं कळलं. मी चप्पल घातली, घरी जाऊन शोकेस उघडली आणि वाडीचा रस्ता धरला.

सोमी अंगणात बसून काटक्या मोडत होती. उठली नाही. स्नेहा दारात उभी होती. मी उभ्यानंच सांगितलं. माझ्याकडून एक शून्य कमी लिहिलं गेलं, एक लाख एकला अकरानं बरोबर भाग जातो, पणत्या सगळ्या होत्या, तुम्ही खरं बोलत होता. ‘तुम्ही’ तोंडातून आपोआप आलं. कित्येक वर्षं उशिरा.

“मला म्हाईत हाय,” ती म्हणाली.

“कसं?”

“वळी पुऱ्या झाल्या की. माजा हात चाळीस वरसात नाय चुकला. मंग तुमचा आकडाच चुकला आसंन.”

“मग तेव्हा बोलला का नाहीत?”

“बोलले की, सर. तुमी आयकलं नाय.”

मी फडक्यात बांधलेली पणती काढून तिच्यापुढं ठेवली. तिनं ती उचलली, काजळीवरून अंगठा फिरवला. मग माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं.

“दोन हुत्या,” ती म्हणाली.

“दुसरी भावेशशेठकडे आहे.”

“मंग त्याला सांगून आना.”

ती ओरडली नाही, रडली नाही. माफी मागायला आलेल्या माणसाला तिनं काम सांगितलं. आणि मला कळलं की मी लबाडी करायला आलो होतो. वाडीत, कोणी नसताना, गुपचूप माफी मागून मोकळा व्हायला. आरोप मात्र माईकवर केला होता.

भावेशच्या दुकानात त्या वेळी सात-आठ गिऱ्हाइकं होती. पणती गल्ल्यामागच्या देव्हाऱ्यात होती. मी तिथंच उभं राहून सांगितलं, मोठ्यानं, वर्गात बोलतो तसं. त्याच्या पावतीच्या कागदावर भागाकार करून दाखवला. चोरी झालीच नव्हती. पणत्या तिच्या होत्या. काजळी मी पाहिली होती आणि खोटं बोललो.

भावेश कसनुसा हसला. “अरे सर, छोडो ना. दोन पणत्यांचं एवढं काय? जुनं कशाला उकरता?”

“दोन पणत्यांचं काही नव्हतं तर चाळीस पिशव्या का उपसल्या?” मी म्हणालो. माझा आवाज चढला, पण तो माझ्यावरच चढला होता. गिऱ्हाइकं खाली बघायला लागली. हेतल कापूर तोलत होती. तिचा हात थांबला. तिनं उठून देव्हाऱ्यातली पणती काढली, ओढणीच्या टोकात धरली आणि नवऱ्याला म्हणाली, “मी जाऊन येते. झोळी मी उलटी केली होती.”

आम्ही गेलो तेव्हा ऊन उतरत होतं. हेतलनं पणती सोमीच्या हातात दिली. मग स्नेहाकडे बघून म्हणाली, “दुकानात येशील? कधीपण ये.” स्नेहा म्हणाली, “नको, काकी.” तेवढंच. नीट, अदबीनं म्हणाली. हेतलनं मान डोलवली.

सोमीनं दोन्ही पणत्या उंबऱ्यावर शेजारी-शेजारी ठेवल्या. मग मला विचारलं, “सर, अकरानं भागलं मंजी वळी किती झाल्या म्हनलात?”

मला वाटलं, गणिताचं कुतूहल. इतकं झाल्यावरही मला बरं वाटलं बघा. मी उत्साहानं सांगितलं, “नऊ हजार एक्क्याण्णव.”

ती आकडा पुटपुटली. मग डावा हात कंबरेमागे नेऊन दाबला, त्या संध्याकाळी ताठ होताना दाबला होता तसा.

“तेवढ्या वेळा वाकलो आमी,” ती म्हणाली, आणि तेलाची बाटली आणायला आत गेली.